चाकामागचा दगड

आये, भर दुपारी पलंगावर आडवी पडून, पाय भिंतीला टेकवून, कागद पोटावर ठेवून मी हे तुला लिहितेय. तू बघितलं असतंस तर दारातूनच ओरडली असतीस, "दिवसाढवळ्या लोळतीस, लाज हाय का?" नाहीये आज. पोटऱ्यांना तेल लावलंय, तरी त्या हात लावू देत नाहीत. मघाशी पाणी प्यायला उठले तर भिंत धरून गेले आणि भिंत धरून आले. तुला वाचता येत नव्हतं आणि आता तू जाऊनही इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर आधी तुझी एखादी शिवी आठवावी लागते, मग तिच्या मागोमाग आवाज येतो. तरी लिहितेय. दुसऱ्या कुणाला हे सांगायला गेले तर पहिल्या वाक्यालाच गाडी अडते.

काय केलं ते आधी सांगते. आमच्या राजूरच्या पुढं डोंगरात मोठं धरण आहे. आज सकाळी त्या धरणात दीड किलोमीटर पोहले, बाहेर येऊन ओल्या अंगानंच सायकलवर बसले, घाटाच्या रस्त्यानं चढउतार करत चाळीस किलोमीटर फिरून आले आणि सायकल ठेवून दहा किलोमीटर पळाले. पळाले म्हणजे निम्मं चालले. याला ट्रायथलॉन म्हणतात. तू विचारशील, "का गं, पाठीमागं कुत्रं लागलं हुतं का?" कुत्रं नव्हतं, पण टेम्पो होता. शेवटच्या माणसामागून टेम्पो येतो आणि ठरलेल्या वेळेत जो पोचणार नाही त्याला सायकलीसकट उचलून आत टाकतो. बहुतेक वेळ त्याच्यापुढची शेवटची मीच होते.

हे खूळ तुझ्या नातीचं. तू तिला पाहिलं नाहीस. पुण्यात काम करते, कॉम्प्युटरसमोर बसून, पण बसूनही माणूस किती झिजतं ते तिच्याकडे बघून कळतं. गेल्या वर्षी ती ऑफिसात चक्कर येऊन पडली. आठवडाभर ताप होता आणि पोरगी गोळ्या खाऊन कामाला जात होती. मी एसटीनं धावतपळत गेले. सलाईन लावून पडलेली होती. मी तोंडाचा पट्टा सोडला, ताप अंगावर काढतात का, अगं सांगायला काय होतं, फोन करायला तुझी बोटं झडली होती का. ती सगळं ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "आई, आपल्या घरात दमले असं कुणी म्हणतं का? तू म्हणालीस का कधी?" आये, मी तिच्या उशाशी बसले.

मला तू दिसलीस. अगदी तशीच आडवी, फक्त सलाईन नाही.

ती बरी झाली, डॉक्टरनं चालायला सांगितलं, चालता चालता पळायला लागली, आणि मग मला ओढलं. शाळेत शिकवायला मी सायकलनंच जाते, वाडीपर्यंत एसटी जात नाही, त्यामुळे चढ मला नवे नाहीत, हे तिला माहीत होतं. नाव तिनंच घातलं. स्वतः मात्र उतरली नाही, डॉक्टरनं अजून थांब म्हटलंय. "मी कडेला उभी राहीन," म्हणाली, "पण एक अट. दमलीस की दमले म्हणायचं. माझ्याकडे बघून म्हणायचं. मेडल नको मला तुझं, एवढं एकदा ऐकायचंय." मी म्हटलं, त्यात काय एवढं. गळ्याची शपथ घेतली. शपथ घेताना मला वाटलं होतं, पोहणं अवघड जाईल.

पोहणं काहीच जड गेलं नाही. पाणी गार होतं, धुकं होतं, शेजारच्यांच्या लाथा बसत होत्या, पण मला एकदम कोपरगावचा पाट आठवला. आपली पाचटाची कोपी पाटाच्या कडेला आहे. टोळीतली पोरं पुलावरून उड्या मारतायत आणि त्यांच्यात मी. तू फडातून येतेस, डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा, आणि मला पाण्यात बघतेस. भारा खाली टाकून त्यातलंच एक वाढं उपसतेस आणि ओल्या पाठीवर असं ओढतेस की ऊसतोड्यांची अख्खी वस्ती बाहेर येते. "मेली असतीस म्हंजी? कुनाच्या नावानं रडले असते मी?" मग कोपीत नेऊन पदरानं माझं डोकं पुसतेस, आणि चुलीकडं तोंड करून, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारतेस, "पल्याड जाऊन आलीस?" मी मान हलवते. "लई खोल हाय का गं?" तुला पोहायचं होतं, आये. हे मला आज धरणाच्या मध्यावर कळलं. पाठीवर वाढं बसल्याचं इतकी वर्षं लक्षात राहिलं आणि तुझं ते विचारणं विसरून गेले होते.

खरी परीक्षा सायकलवर होती. पहिले दोन चढ मी गाणी म्हणत काढले, तिसऱ्याला गाणं बंद झालं. धरण खाली राहिलं, ऊन वर आलं आणि रस्ता नुसता वळून वळून वर जात राहिला. एक वळण संपलं की पुढं दुसरं. सगळ्यात हलका गिअर टाकून झाला होता. मागून टेम्पोचा घर्रघर्र आवाज येत होता, आणि ड्रायव्हर सज्जन माणूस, अधूनमधून डोकं बाहेर काढून विचारत होता, "बसता का काकू?" चांगल्या मनानं विचारत होता, पण मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू!

आणि तिथं मांड्यांनी दगा दिला. सायकल उभी राहिली. मी पडता पडता उतरले.

पाटाच्या पुलाचा तो चढ तुला आठवतो? मोटारवाल्यांना तो चढ आहे हेही कळायचं नाही. पण उसानं भरलेली गाडी, पुढं दोन बैल, त्यांचे गुडघे वाकायचे, आणि मध्येच बैल थांबले की गाडी मागं सरकायला लागायची. आम्ही बापलेक, आण्णा पुढं कासरा धरून आणि गाडीच्या मागं दगड घेऊन मी. बैल थांबले की क्षणात चाकामागं दगड लावायचा. बैलांनी दम घ्यायचा, आण्णांनी हाळी दिली की गाडी पुढं, आणि मी दगड उचलून पुन्हा मागं. हात काढायला उशीर झाला तर हात गेला. पहिल्या दिवशी मी रडत म्हणाले होते, "आये, मी दमले." तू माझ्या तोंडावर हातच ठेवलास. "चढाला दमलं म्हनू नये. बैलं ऐकत्यात. त्यांनी ऐकलं की पाय सोडत्यात." तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं. मी दिवसभर बैलांच्या कानांकडे बघत होते. नंतर चढ नसला तरी म्हणाले नाही, बैल नसले तरी म्हणाले नाही. डीएडला असताना नाही, बाळंतपणात नाही, सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हाही नाही. लोक म्हणायचे, बाई कशी खंबीर आहे. कसली खंबीर? मी बैलांना घाबरत होते.

पुढच्या हंगामाला टोळी निघाली तेव्हा मीही गाठोडं बांधून गाडीत बसले होते. तू माझ्या हातातला दगड काढून घेतलास. आपला तो नेहमीचा काळा, एका बाजूनं चपटा. "तू न्हाई यायचं," म्हणालीस, "तू शाळंत." मला आश्रमशाळेत सोडलंस आणि मागं वळून न बघता गेलीस. मला वाटलं मी नकोशी झाले. सुट्टीत भेटायला आलीस तेव्हा तुझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं होऊन उपटलं होतं. तेव्हा कळलं की गाडीच्या मागं आता तू असतेस. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि वर दगड. मी विचारलं, "दुखतं का?" तर म्हणालीस, "काय झालंय त्याला?"

तुझ्या शेवटच्या हंगामातही तू असंच म्हणत असशील. ताप होता हे टोळीतल्या बायकांना नंतर आठवलं. आण्णा मरेपर्यंत एकच वाक्य घोळवत राहिले, "म्हनली न्हाई वो ती. एकदा तरी म्हनायची." कारखान्यावर गाडी रिकामी करून आलीस, कोपीत आडवी झालीस, सकाळी उठली नाहीस. बस. मला निरोप आला तेव्हा माझी परीक्षा चालू होती.

तर घाटात मी उतरले, सायकल कडेला घेतली, आणि मला कळायच्या आत खाली वाकून एक दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला. बघ तरी! सायकल ती, कडेच्या कठड्याला टेकवली असती तरी उभी राहिली असती. तिला काय ऊस भरलाय? पण हात आपोआप गेला, आणि हात पटकन काढूनही घेतला, अगदी तसाच.

वळणावर पाण्याचं टेबल होतं. तिथं वाडीतली एक बाई पाणी आणि केळी द्यायला बसवलेली होती, माझ्याच वयाची असेल, गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं, हातात पाण्याचा ग्लास. ती उठून माझ्याकडे आली.

"बाय, लई दमलीस गं."

"न्हाई, मावशी," मी म्हणाले. तोंडातून तेच आलं, आणि तुझ्याच बोलीत आलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग चाकाकडे.

"दमली न्हाईस तं मंग दगड कशाला लावलास?"

आये, मी हसायला लागले. हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. ती बाई बिचारी घाबरली, टेम्पोवाला उतरून आला, म्हणाला, "काकू, बसा आता, कशाला जिवाला त्रास?" मी त्या दगडाकडे बघत होते. गाडीच्या मागं आधी मी होते, मग तू होतीस. तुझ्या मागं दगड लावायला कुणी नव्हतं. बैलांनी थांबून दम घेतलेला चालायचा, त्याच्यासाठी माणूस ठेवलेला होता. तू थांबलेलं मला एकदाही आठवत नाही.

मावशीनं मला कठड्यावर बसवलं, केळं सोलून हातात दिलं आणि म्हणाली, "खा. डोंगूर कुठं पळून जातोय?" मी केळं खाल्लं. मग दगड काढला आणि निघाले. उरलेला चढ कसा काढला ते विचारू नकोस. खाली उतरून सायकल ठेवायच्या जागी पोचले तेव्हा वेळ संपायलाच आली होती. लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते, शिट्टीवाला हात करून आत ओढत होता. आणि दोरीच्या पलीकडं तुझी नात उभी, हातात पाण्याची बाटली.

"आई, दमलीस ना? खरं सांग."

तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं की ती कशाची वाट बघतेय. तोंड उघडलं होतं मी. शपथ आठवत होती, मावशीनं दाखवलेला दगड आठवत होता.

"छे गं," म्हणाले, "काय झालंय मला?"

तिनं मान डोलावली. बाटली पुढं केली. मी पळत पळत, चालत चालत ते दहा किलोमीटर पुरे केले, सगळ्यात शेवटी, मांडव काढायला लागले होते तेव्हा. गळ्यात मेडल पडलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. तेच मला लागलं. खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या, सपाता घातल्या पायात, हात धरून गाडीत बसवलं. येताना वाटेत मी म्हटलं, "तू अंधारात उठलीयेस, सकाळपासून उभी आहेस. दमली असशील." रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "नाही गं. काय झालंय मला?"

अगदी तुझा आवाज, आये. शिवी न आठवताच ऐकू आला.

आता ती बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपलीये, तोंड उघडं टाकून, जेवायचीही थांबली नाही. मघाशी पाणी प्यायला गेले ते खरं तर तिचं अंग गरम आहे का बघायला गेले होते. नाहीये गरम. तरी दोनदा हात लावून बघितला. ती उठेल, चहा टाकेल आणि विचारणार नाही. तेव्हा मलाच बोलावं लागेल, तिनं विचारायच्या आत, चहा हातात येण्याआधी. इतकं साधं वाक्य, पण जिभेवर कधी आलेलंच नाही, तर तिच्यासमोर अडखळेल, हसू होईल, मी पुन्हा छे म्हणून मोकळी होईन. हा कागद कुठं पाठवायचा नाहीये. फक्त आधी तुझ्यापाशी म्हणून बघते. इथं चढ नाही आणि बैलंही कधीच विकली गेली.

आये, मी दमले गं. लई दमले.