चौथ्या मजल्याचा नकाशा

सोमवार, ३ फेब्रुवारी
नव्या इमारतीत येऊन पंधरवडा झाला. सगळे लिफ्टने येतात-जातात, जिना कुणी पाहिलेला नाही. आता आग लागली तर बाहेर कसं पडायचं, त्याचे नकाशे मजल्यामजल्यावर लागणार आहेत. आर्किटेक्टच्या फाइलमध्ये बाण लाल आहेत. साहेबांना कंपनीच्या रंगाचे, म्हणजे हिरवे हवेत. डिझायनरबाई म्हणाल्या, एकेक बाण हाताने बदलायला आठवडा जाईल.
मी हसलो. भर मीटिंगमध्ये समजावून सांगितलं की पीडीएफमध्ये बाणाचं चित्र एकदाच साठवलेलं असतं, तेच फिरवून फिरवून पानभर वापरतात. ते एक बदललं की सगळे बदलले. छोटा प्रोग्रॅम लिहितो, दहा मिनिटांचं काम. साहेब खूश.
संकल्प: यापुढे मीटिंगमध्ये नम्र राहायचं.

बुधवार, ५ फेब्रुवारी
प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला. (दहा मिनिटांचे दोन दिवस झाले, पण त्यात विचार करण्याचा वेळही आला.) बाण हिरवेगार. तळमजल्याचं पान उघडून रंग पाहिला, सुंदर. फाइल छापखान्यात धाडली. डिझायनरबाईंनी विचारलं, सगळी पानं तपासलीस का. म्हटलं, तपासावं लागतं ते माणसाचं काम.
ताई खूश आहे. माझी सख्खी मोठी बहीण, इथेच अकाउंट्समध्ये, चौथ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिला त्या मजल्याची सुरक्षाप्रमुख नेमलंय. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचणारी बाई. योग्य निवड.

सोमवार, १० फेब्रुवारी
नकाशे लागले. पाणी प्यायला उठलो तेव्हा आमच्या तिसऱ्या मजल्याचा पाहिला. पाणी तसंच राहिलं.
बाण उलटे आहेत. सगळे.
प्रत्येक मजल्यावर कॉरिडॉरच्या एका टोकाला जिन्याचं दार, दुसऱ्या टोकाला जुन्या फायलींच्या खोलीचं. दोन्ही दारं सारखीच. बाण फायलींकडे जातो. जागेवर येऊन बघितलं. आर्किटेक्टच्या बाणाचं मूळ चित्र डावीकडे तोंड केलेलं, माझं उजवीकडे. मी रंग पाहिला, तोंड पाहिलंच नाही.
फायलींच्या खोलीचं दार आपोआप लागतं आणि आतून उघडत नाही. वर जाऊन आलो. ताईने नकाशा तोंडपाठ केलाय. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी बाहेर पडण्याची तालीम घेणार म्हणते.
साहेबांना सांगावं का? नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. बुधवारच्या आत दुरुस्त करतो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
उपाय सापडला. मूळ पानाला हात न लावता वर एक नवा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, टाकला. त्यात उलट्या बाणावर पांढरा चौकोन आणि त्यावर सुलटा बाण. या वेळी सगळी पानं तपासली. स्क्रीनवर निर्दोष. छापखानेवाल्याला सांगितलं, सुधारित आवृत्ती आहे, बोभाटा नको.
भीती गेली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
कागद आले. बाण उलटेच. छापखानेवाल्याला फोनवर नाही नाही ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, तुमच्या लेयरला 'फक्त स्क्रीनवर दाखवा, छापू नका' अशी खूण आहे, आम्ही छापला नाही.
खूण होती. मीच केली असणार.
जेवण गेलं नाही. कुठलीही घंटा आगीचीच वाटते. दुपारी तर कुणाच्या तरी मोबाइलच्या रिंगवर उभा राहिलो. रात्री बायकोने विचारलं, एवढा घाबरलास कशाला. म्हटलं, थंडी आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
लेयर काढून टाकला. मूळ चित्रच उलटं केलं. आधीच करता आलं असतं, पण मग लेयरबद्दल शिकलो नसतो.

सोमवार, १७ फेब्रुवारी
बरोबर कागद आले. फ्रेमच्या मागच्या क्लिपा उघडायच्या, जुना काढायचा, नवा सरकवायचा. तळमजला ते तिसरा, कुणाला पत्ता नाही. चौथ्यावर घोळ. ताईचं टेबल नकाशाच्या समोरच. फ्रेमला हात लावला तशी म्हणाली, हा नकाशा कुणी हलवायचा नाही. म्हटलं, धूळ पुसतोय. म्हणाली, ती मी पुसते.
उद्या ती जेवायला गेली की बदलतो. तालीम परवा आहे. भरपूर वेळ आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी, संध्याकाळी
जेवणाच्या सुट्टीआधीच घंटा वाजली. खरी. दुसऱ्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीतला फ्रिज जळाला, जिन्यात धूर. सगळे आवारात जमले. मेजर (सिक्युरिटीचा प्रमुख, सैन्यात नव्हता, मिशा आहेत) मजल्याप्रमाणे माणसं मोजत होता. चौथ्या मजल्याचं कुणीच नाही. ताई नाही. तिचा फोन लागेना. गच्चीवर गेले असतील म्हणून मेजरने माणसं गच्चीकडे पिटाळली.
ती कुठे आहे ते मला माहीत होतं. अख्ख्या आवारात मला एकट्याला.
तोंड उघडलं, आणि मनात आलं, तुला कसं कळलं असं कुणी विचारलं तर? तिथे काही वेळ गेला. किती ते लिहीत नाही. माझी ताई वर कोंडलेली, खाली धूर, आणि मी उत्तर जुळवत उभा. मग ओरडलो, फायलींच्या खोलीत बघा.
सगळे सुखरूप. खोकत खाली आले. ताई सगळ्यात शेवटी, एका रडणाऱ्या मुलीला धरून. मेजरने विचारलंच, तुला कसं कळलं रे? ताईच म्हणाली, "भाऊ आहे माझा. त्याला नाही कळणार तर कुणाला?" लोकांनी टाळ्या वाजवल्या.
लोक ताईभोवती होते तेवढ्यात मी वर गेलो आणि चौथ्या मजल्याचा कागद बदलला. याला लपवालपवी म्हणता येणार नाही. राहिलेलं काम होतं, पूर्ण केलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी
ताईने वर बोलावलं. नकाशासमोर उभी होती. काचेवर बोट ठेवून म्हणाली, "बाण जिन्याकडेच आहे रे. आणि मी सगळ्यांना उलटीकडे नेलं."
मी काचेवरची धूळ पुसली.
"दोघीजणी म्हणत होत्या, जिना इकडे असेल. मीच ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, माझ्या भावाने केलेला नकाशा आहे, चुकायचा नाही."
मग विचारलं, डोळे तपासून घेऊ का. मी म्हटलं, घाबरल्यावर होतं असं कुणाचंही. रात्रभर झोपली नव्हती म्हणाली.
संकल्प: उद्या तिला खरं सांगायचं. गेल्या गेल्या. चहाच्या आधी.

गुरुवार, २० फेब्रुवारी
गेलो तर ताई साहेबांच्या केबिनमधून बाहेर येत होती. सुरक्षाप्रमुखपद सोडलं. साधा बाण वाचता येत नाही, माझ्या भरवशावर माणसं नकोत, असं तिने स्वतः सांगितलं. माझं नाव सुचवलं. साहेबांनी लगेच मान्य केलं, इमारत याच्याइतकी कुणाला ठाऊक आहे म्हणाले.
सांगायचंच म्हणून तिच्यामागे वर गेलो. तिने खणातून केशरी जॅकेट काढलं, माझ्या अंगात घातलं. मी म्हटलं, ताई, ऐक ना जरा.
"बोलू नकोस, चेन अडकलीये."
श्वास धरून उभा राहिलो. चेन लागली. तिने खांद्यावरची सुरकुती नीट केली आणि म्हणाली, "माझ्यासारखं करू नकोस हं. नकाशा नीट वाचत जा."
हो म्हणालो, आणि लिफ्टने खाली आलो.