फादरची पाठवणी

प्रिय सेसिलताईस,

इनासचा नमस्कार. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद (तुला द्यायला धजत नाही, पाळक झालो तरी तुझ्या हातचे फटके खाल्लेला माणूस आहे). तुझी साखर कशी आहे हे विचारत नाही, कारण तू खोटं सांगणार. सूनबाईला विचारून घेतलं आहे. माझी तब्येत देवबापाच्या कृपेनं बरी आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र.

वरिष्ठांचा हुकूम तुला ठाऊकच आहे. हृदयाच्या डॉक्टरांचा कागद वाचून त्यांनी ठरवलं की इनासनं आता दिग्रसचं मिशन सोडावं आणि वसईला, वृद्ध पाळकांच्या घरात, तुझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर स्वस्थ बसावं. मला आनंद आहे. खरंच आहे. रोज ताजा बांगडा मिळेल (इथं मासा धरणातला, त्याची आणि मिठाची कधी भेटच झालेली नसते). जिनिंगच्या दिवसांत नाकात कापूस जाणार नाही. रात्रीबेरात्री दारावर थाप पडणार नाही. माणसाला या वयात आणखी काय हवं?

एक गोष्ट मात्र झाली, ती दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगतो, कारण तिचा व्हिडिओ फिरतो आहे. घाबरू नकोस, माझं लग्न झालेलं नाही. पण पाठवणी झाली.

मिशनच्या पलीकडे टेकडीखाली बंजारा तांडा आहे, हे मी तुला इतक्या वेळा सांगितलं आहे की तुलाही तिथली कुत्री ओळखतील. तीसेक वर्षं माझी तिथं ये-जा. बाप्तिस्मे म्हणशील तर एकही नाही (दरवर्षीच्या अहवालात त्या रकान्यात मी आडवी रेघ मारतो आणि वरिष्ठ दरवर्षी त्या रेघेकडे खिन्नपणे बघतात). पण मिशनची जीप अर्ध्या तांड्याच्या जन्माला हजर होती. तांड्यातल्या लालीबाईची मुलगी राखी तर दवाखाना गाठायच्या आत, जीपमध्येच झाली. आज ती नर्स आहे, आणि गोळ्या चुकवल्या म्हणून मलाच रागावते. नाताळचा केक तांडा खातो, होळीला मी त्यांच्यात नाचतो. म्हणजे नाचत होतो, गुडघा शाबूत होता तोवर.

माझं जायचं कळल्यावर तांड्याचे नाईक नेमसिंग (वयानं माझ्याएवढे, मिशांनी बरेच वडील) यांनी पंचायत बसवली. मला वाटलं, आता हे वरिष्ठांकडे मोर्चा नेणार आणि मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण त्यांची अडचण वेगळीच होती.

‘‘फादर,’’ ते म्हणाले, ‘‘माणूस घरातून कायमचा जाते तं दोनच वक्ताले. मयत झाली तं, नाही तं पोरगी सासरी गेली तं. तुम्ही कशात बसता?’’

मी म्हणालो, पहिल्यात बसायचा सध्या तरी विचार नाही. झालं. एकमतानं मला दुसऱ्यात बसवलं.

त्यांच्यात मुलगी सासरी निघाली की एकेकीच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्या रडगाण्याला ढावलो म्हणतात. इथं नवरी मी. झग्यावरून माझ्या डोक्यावर आरशांची ओढणी आली. लालीबाईनं माझ्या खांद्यावर डोकं टेकून असा काही सूर लावला की राखीनं पुढं होऊन माझी नाडी पाहिली. मी आपला ओढणी सावरत उभा. लालीबाईनं मध्येच रडणं थांबवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘‘रडा ना फादर. कोरडी पोरगी पाठोली तं लोक काय म्हनतीन?’’

मला रडू येईना. म्हणून बैल आणला. म्हणजे तो आणायचाच होता. नवरीनं बैलाच्या पाठीवर उभं राहून माहेराला आशीर्वाद देणारं गाणं म्हणायचं, असा रिवाज आहे. चौघांनी मला उचललं, दोघांनी कंबर धरली. बैलाचं मत कुणी विचारलं नाही, पण ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यांचं गाणं मला येत नव्हतं. आयुष्यभर म्हटलेली स्तोत्रं ऐनवेळी एकजात पळाली. आठवलं ते आईनं तुझ्या लग्नात, तू सासरी सांडोरला निघालीस तेव्हा म्हटलेलं गाणं. त्याचीही एकच ओळ. तीच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो, आणि ताई, मध्येच माझा आवाज गेला. बैलावर उभा राहून, ओढणीत तोंड लपवून, मी ढसाढसा रडलो. इतकी वर्षं यांच्या मयतीला, आजारपणाला धीर देणारा मी. मलाही रडायचं असेल हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बैलानं कंटाळून पाय बदलला आणि मी थेट नेमसिंगभाऊंच्या अंगावर आलो, म्हणून ते आटोपलं. लालीबाईनं डोळे पुसले आणि पाठवणी चांगली झाली म्हणाली.

तर येत्या गुरुवारी निघतो. खोलीला पडदे नकोत, गादी फार मऊ नको. आता एकदा आलो की कुठं हलायचं नाही, असं ठरवूनच येतो आहे.

तुझा धाकटा भाऊ,
इनास

ता. क. तो बैल त्यांनी मला आंदण दिला आहे. काळजी करू नकोस, तुझ्या केळीत आणून बांधत नाही. नेमसिंगभाऊंच्या गोठ्यातच ठेवला आहे. अधूनमधून त्याला बघायला मात्र यावं लागेल, असं ते म्हणतात.

पुन्हा ता. क. खरं सांगायचं ते राहिलंच. मुलगी सासरी गेली की माहेरची माणसं तिला पहिल्या सणाला न्यायला येतात. होळीच्या आधी नेमसिंगभाऊ आणि लालीबाई वसईला येणार आहेत. (त्या दिवशी डुकराचं करू नकोस. बोकड चालेल, किंबहुना बोकडाशिवाय ते उठणार नाहीत.) सासरी हुकूम कुणाचा चालतो, असं त्यांनी विचारलं. वरिष्ठांचं नाव सांगितलं असतं तर त्यांनी डॉक्टरांचा कागद पुढं केला असता. म्हणून मी तुझं सांगितलं. वरिष्ठही तुला घाबरतात.

तुझ्या लग्नानंतर पहिल्या सणाला बाबा तुला आणायला बैलगाडी घेऊन गेले होते. मीही गेलो होतो, गाडीत तुझी जागा धरून बसलो होतो. तुझ्या सासूनं पाठवलं नाही. परतीच्या वाटेवर बाबांनी ती जागा तशीच ठेवली, मला तिथं पाय पसरू दिले नाहीत.

ताई, नेमसिंगभाऊ येतील तेव्हा नाही म्हणू नकोस.