जहाजांचा नंबर

बाबा, तुमच्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय, ते आज पुरं करते. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे मध्येच उठून गिरणीकडे चालू लागायची सोय आता तुम्हाला नाही.

मी चंद्रपूरला इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते आणि संशोधन करते जहाजांच्या धुरावर. देशोदेशी माल नेणारी जहाजं कमी इंधन कशी जाळतील, हा माझा विषय. समुद्र इथून कुठच्या कुठे. आत्या अजून चिडवते, "वैनगंगेत जहाज कवा आणून राह्यली वो बाई?" मी म्हणते, आणते, आधी नदीत पाणी तर राहू द्या. पण खरं सांगू, हा विषय मला समुद्रावर सापडलाच नाही. आरमोरीला तुम्ही चालवायचात त्या धानाच्या गिरणीसमोर सापडला.

धान निघालं की पहाटेपासून बैलगाड्या यायच्या. जो आधी पोचेल त्याचा नंबर, हा तुमचा कायदा. मग जो तो बैल दामटत यायचा आणि आल्यावर दुपार टळेपर्यंत उन्हात उभा राहायचा. बैलांच्या तोंडाला फेस आलेला असायचा. मी दहावीत असताना शेजारच्या गावच्या एका काकांनी आदल्या संध्याकाळी माझ्या हातात रिकामं पोतं दिलं. "पोरी, सकायी रांगेत ठेवजो. बैल थकले हायेत, मी आरामात येतो." मी ठेवलं. तुम्ही येता, पोतं उचलता, भिंतीपाशी भिरकावता आणि सगळ्यांसमोर मला म्हणता, "पोत्याले पाय हायेत काय? माणूस उभा पायजे. आज याचं एक पोतं, उद्या मोठ्या जमीनवाल्या मालगुजाराची दहा. मंग जंगलातून डोक्यावर धान घेऊन आलेल्या बाईनं कुठी उभं राहावं? तुले काऊन समजत नाई?"

मी रडले नाही, पण राग फार आला. अजून थोडा आहे. बैलांचं काय, हे तुम्ही विचारलंच नाहीत.

जहाजांचंही अगदी तेच चाललंय. करारातच लिहिलेलं असतं, जमेल तितक्या लवकर पोचा. जो आधी पोचेल त्याला धक्क्यावर आधी जागा. म्हणून कप्तान जहाज भरधाव हाकतात आणि पोचल्यावर बंदराबाहेर नांगर टाकून दिवसचे दिवस वाट बघत बसतात. वेग जरासा उतरवला तरी इंधन कितीतरी वाचतं, पण हळू येणाऱ्याचा नंबर जातो. माझं म्हणणं एवढंच, की जहाज मागच्या बंदरातून निघतानाच त्याला नंबर द्या, मग ते सावकाश येऊ दे. थोडक्यात, तुम्ही भिरकावलेलं पोतं मी पुन्हा रांगेत ठेवत होते.

काल एका परदेशी बंदरातली माणसं संगणकाच्या पडद्यावर जमली होती. त्यांनी हो म्हटलं तरच माझी पद्धत खऱ्या जहाजांवर करून बघता येणार होती, नाहीतर एवढ्या वर्षांचं काम कागदावरच राहणार होतं. सगळं नीट चाललं होतं. शेवटी एक वयस्कर अधिकारी म्हणाला, मोठ्या कंपन्या आधीच नंबर अडवून ठेवतील. ज्याच्याकडे एकच जुनं जहाज आहे त्यानं काय करायचं? बाबा, मला हसूच आलं. हे भांडण मी मनातल्या मनात तुमच्याशी इतक्यांदा केलंय, की उत्तर जिभेवरच होतं. माल भरून जहाज निघाल्याशिवाय नंबर नाही. एका जहाजाला एकच. तो दुसऱ्याला देता येणार नाही, विकता येणार नाही, आणि कुणाचा कितवा ते सगळ्यांना उघड दिसेल. त्यानं मान डोलावली. पुढच्या हंगामात ते बंदर हे करून बघणार आहे.

तेव्हा डोक्यावर धान घेऊन आलेल्या त्या बाईबद्दल तुमचं बरोबर होतं. बैलांबद्दल चुकलं होतं. डोळे वटारलेत तरी मी इथून हटणार नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. काल सगळे अभिनंदन करत होते आणि मी पडद्यावरच्या चेहऱ्यांत कुणी, पटलं की तुम्ही म्हणायचात तसं, खाली बघून नुसतं 'हूं' म्हणतंय का, ते शोधत होते. बंदराला पटलं, बाबा. मला ते तुम्हाला पटायला हवं होतं.