सुजूच्या नावावरचं मत

प्रिय सुजू,

आज दुपारी मतदार यादीतून तुझं नाव काढायचा अर्ज भरला. तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले. चिडू नकोस. आधी सगळं ऐकून घे. कधी घेतलं नाहीस, पण आता घे.

हे नाव घालताना केवढा गोंधळ घातला होतास तू! अठरा पूर्ण झाल्या झाल्या स्वतःचा अर्ज भरलास आणि मग कॉलेजभर फिरत सुटलीस. गोरेगावच्या त्या कॉलेजात मरोळपासून दिंडोशीपर्यंतची पोरं, निम्मी भाड्याच्या खोल्यांत राहणारी. पत्त्याचा पुरावा नाही म्हणाली, तर तू त्यांच्या घरमालकांना गाठून लाइट बिलाची झेरॉक्स मागायचीस. मतदानाची सुट्टी आहे, लोणावळ्याची नाही, असं सगळ्यांना दटावायचीस. एका मताने काय होतंय असं कुणी म्हणालं की ठरलेलं उत्तर, "तू नाही गेलास तर तुझ्या नावावर दुसरा जाईल." मला वाटायचं, पोरांना घाबरवायला काहीतरी ठोकून देतेस.

पप्पांशी तर रोज जेवताना भांडण. त्यांचं नाव अजून गावच्या यादीत. मतदानाला सगळ्यांची मिळून गाडी ठरते, भाऊबंद भेटतात, विहारात जेवण असतं. ते सोडवत नाही त्यांना. तू म्हणायचीस, पाणी दिंडोशीचं पिता आणि मत गावाला टाकता, मग नळाला गटाराचा वास आला तर जाब कुणाला विचारणार? पप्पा भाकरी मोडत राहायचे.

त्याच पाण्याने तुला नेलं. गल्लीत कावीळ पसरली तेव्हा घरोघरी सांगत होतीस, पाणी उकळून प्या म्हणून. आणि स्वतः काय केलंस गं? कॉलेजातून आलीस की तसाच तांब्या तोंडाला! तो राग माझा अजून गेलेला नाही. हॉस्पिटलात डोळे पिवळेधमक झालेले, आणि विचारत काय होतीस, तर मतदार कार्ड पोस्टाने आलं का.

आलं ना. तू गेल्यावर विहारात पुण्यानुमोदन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मम्मीने ते तुझ्या फोटोमागे ठेवलं.

मग निवडणूक लागली. पप्पा गाडीने गावाला गेले. मी आणि मम्मी शाळेतल्या केंद्रावर गेलो. मम्मीचं आधी झालं, ती बाहेर जाऊन बसली. अधिकाऱ्याने माझं नाव मोठ्याने वाचलं, पक्षांच्या माणसांनी आपापल्या कागदावर खुणा केल्या. तुझं नाव माझ्या खालीच होतं, एकाच घरचं म्हणून. अधिकाऱ्याच्या यादीत त्यावर आधीच खूण होती. सुजू, तुझं मत देऊन झालं होतं!

मी बाहेर आले. माझं तोंड बघूनच मम्मीला कळलं.

"मीच दिलं कार्ड," ती म्हणाली. "बंटी म्हणाला, काकी, सुजूचं पहिलं मत वाया कशाला घालवायचं? मला वाटलं, तेवढं तरी तिचं होऊ दे."

बंटीदादा, आपल्या गल्लीतला पक्षाचा माणूस. तुझ्या मयतीला सगळ्यात पुढे तोच होता. त्याने कुठलीशी मुलगी पाठवली, तोंडाला ओढणी बांधून. तिने तुझी सही केली. मत कुणाला दिलं ते विचारायलाच नको. संध्याकाळी कार्ड परत आलं, काम झालं म्हणून निरोपासकट. मी तेव्हाच केंद्रात परत जाऊन ओरडले असते, पण अडकली असती मम्मी. बंटीदादा नाही.

तुझ्या वर्गातली निम्मी पोरं त्या दिवशी खरंच लोणावळ्याला गेली होती. त्यांनी फोटोही टाकले. वाट लागली गं तुझ्या मेहनतीची! जिवंत पोरं गैरहजर आणि तू तेवढी हजर.

आता महापालिकेची निवडणूक आहे. परवा बंटीदादा पुन्हा दारात, कार्ड आहे ना म्हणून. मी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं आणि यादीचं काम बघणाऱ्या शाळेच्या बाईंना फोन केला. त्या आज आल्या आणि मृत्यूचा दाखला मागितला. मम्मी जागची हलेना. रेशनकार्डावरून नाव गेलं, बँकेतून गेलं, आता एवढं एकच उरलं होतं, असं तिचं म्हणणं. तिच्यावर जबरदस्ती मला जमली नसती.

शेवटी ती आपणहून उठली, कपाटातून दाखला काढला.

"हे दिलं की सुजूच्या जागी कुणी येणार नाही ना?" तिने बाईंना विचारलं.

बाई म्हणाल्या, नाही येणार.

"आणि सुजू पण नाही," मम्मी म्हणाली, आणि दाखला त्यांच्या हातात दिला.

सुजू, पुढच्या आठवड्यात मी तुझ्या कॉलेजात जाणार आहे. तुझ्यासारखं हसून, मस्करी करून मला बोलता येत नाही. तुझं काय झालं ते सरळ सांगेन, मम्मीने कार्ड का दिलं तेही सांगेन. तिने मला तशी परवानगी दिलीय. लोणावळ्याची पोरं खाली माना घालतील, घालू देत. मतदानाच्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन एकेकाला उठवीन. शिव्या घालतील, ऐकून घेईन. पण त्यांच्या नावावर दुसरं कुणी गेलेलं मी बघणार नाही. एकदा बघितलंय.

तुझी ताई,
प्रज्ञा