नळीवरचा शिक्का

खंडेनवमी, संध्याकाळ. पारनेर.

उद्या जुन्या शस्त्रांचे जाणकार येणार. सासऱ्यांचं ते छोटं, साहेबलोक दिवाणखान्यात नेम धरायला वापरायचे तसलं पिस्तूल पाहून किंमत सांगणार. मग तरी हे आणि भाऊजी त्याच्या वाटणीवरून भांडायचे थांबतील. सगळी भिस्त नळीवरच्या, आधीच पुसट झालेल्या अंडाकृती शिक्क्यावर. त्यावरूनच ते बेल्जियमचं ठरणार होतं.

आणि आज पूजेसाठी सासूबाईंनी ते विटकरीच्या भुकटीने घासलं. “बघ, कसं लखलखतंय! तुझे सासरे लई खूश झाले असते.”

मी नळीवर बोट फिरवत राहिले. शिक्का नाहीच.

खरं सांगितलं, तर दोघे आईवर तुटून पडतील. मीच घासलं म्हणू? पण सासूबाई तिथेच बसलेल्या असणार. “ही कशाला घासतीय? म्या घासलंय,” म्हणतील. तेही अभिमानाने.