जिन्यात मिळालेली रजा लेखी मिळण्याबाबत

प्रति,
मा. कादंबरी सरपोतदार,
मानव संसाधन प्रमुख
(जुन्या पाटीवर : कार्मिक अधिकारी),
सॉफ्टवेअर विभाग, पुणे.

विषय : तोंडी मिळालेली रजा लेखी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ४ सप्टेंबर २००१ चे जिन्यातील बोलणे.

महोदया,

१. अर्जदार दिगंबर लिमये हा कंपनीत यंत्रे बनत होती तेव्हापासून, म्हणजे सव्वीस वर्षे, दप्तर सांभाळतो. यंत्रे गेली, संगणक आले, अर्जदार तेवढा राहिला. त्याने आजवर एकही सही चुकीच्या रकान्यात केलेली नाही.

२. अर्जदाराची पत्नी सौ. उल्का हिची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ५ तारखेला ठरली. अर्जदाराची रजा तिच्याच आजारपणात उन्हाळ्यात संपली होती. नियम १४ प्रमाणे रजेविना आठ दिवस गैरहजर राहणारा नोकरी सोडून गेला, असे धरतात. हे आपणांस सांगितले असता आपण म्हणालात, "नियमाचं मी बघते. तुम्ही त्यांच्याजवळ बसा." त्यासाठी कोणता फॉर्म भरावा, असे अर्जदाराने विचारले. आपण हसलात. फॉर्म दिला नाहीत.

३. येथे अर्जदारास शंका आली व ती रास्त आहे. १९९८ साली तेव्हाच्या कार्मिक अधिकाऱ्यांनी बाबुराव शेलारांच्या खांद्यावर हात ठेवून तब्येतीची चौकशी केली. आठव्या दिवशी बाबुरावांना स्वेच्छानिवृत्तीचे पत्र मिळाले. बाबुरावांची इच्छा कोणी विचारली नव्हती. तेव्हापासून कोणी वरिष्ठ आपुलकीने बोलले की अर्जदार पुढचे आठ दिवस मोजतो. आपण तर शिपायाच्या मुलीचा दहावीचा निकालही विचारता. इतकी माहिती कशासाठी लागते, हे अर्जदारास अद्याप कळलेले नाही.

४. सबब ५ तारखेस अर्जदार कामावर हजर राहिला. शस्त्रक्रिया दहा वाजता होती. हजेरीपटावर अर्जदाराची सही दहाला दोन मिनिटे कमी असतानाची आहे. ती वाकडी आली आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

५. ६ तारखेस कार्यालय सुटल्यावर, स्वारगेटला बस बदलून अर्जदार रुग्णालयात पोचला, तेव्हा आपण पत्नीच्या खाटेशी बसला होतात. ही तपासणी असावी, अशा समजुतीने अर्जदाराने दोन दिवसांच्या हजेरीची प्रत आपणांपुढे धरली. आपण ती पाहिली नाहीत. आपण डब्यातून आणलेला मऊ भात पत्नीस भरवत होतात आणि मीठ बेताचे आहे का, असे विचारत होतात.

आपण गेल्यावर पत्नी म्हणाली, "त्यांनी मीठ विचारलं. तुम्ही दोन दिवसांत काय विचारलंत?"

अर्जदाराने डॉक्टरांकडे फक्त दाखल्याची चौकशी केली होती, हे खरे आहे. त्याची अर्जदारास फार लाज वाटते. हे वाक्य दप्तरी लावू नये.

६. शंका पूर्ण फिटलेली नाही. त्यामुळे रजा लेखी मिळावी, ही विनंती कायम आहे. तथापि आदेशाची वाट न पाहता अर्जदार आजपासून पत्नीजवळ बसणार आहे. सव्वीस वर्षांत हे प्रथमच घडत आहे. नियम १४ चे, म्हणाल्याप्रमाणे, आपण बघावे.

आपला नम्र (व अद्याप असल्यास कर्मचारी),
दिगंबर लिमये
कर्वेनगर, दि. ७ सप्टेंबर २००१

सोबत :
(अ) रुग्णालयाचा दाखला, दोन प्रती.
(ब) आपला डबा, एक. तो रिकामा पाठवू नये, असे पत्नीने पडल्यापडल्या बजावल्यावरून आत अर्जदाराने स्वतः केलेला चिवडा आहे. मीठ कसे झाले ते तोंडी कळवले तरी चालेल.