बारा तुकड्यांचं कडं

९ जानेवारी, शुक्रवार

जमलं! सकाळी प्रयोगशाळेत शिरले तर माझी विद्यार्थिनी सोनम कॉम्प्युटरसमोर उभीच. म्हणाली, "मॅडम, फिरतंय." पॉर्फिरिनचे, म्हणजे रक्ताला लाल रंग देणाऱ्या रेणूच्या जातीतले, बारा तुकडे एकमेकांना जोडलेलं केवढं मोठं कडं – आणि त्याला उजेड दिला की सगळ्या कड्यातून करंट गोल फिरतो असं गणित सांगतंय. म्हणजे उत्तेजित अवस्थेत ते अरोमॅटिक, आमच्या भाषेत एकदम स्थिर, होतं.

मला अजून याचं नवल वाटतं. एरवी हेच कडं रुसलेलं असतं, कारण त्यातल्या इलेक्ट्रॉनची संख्या चारच्या पाढ्यातली. अशी कडी अस्वस्थ असतात हे आपण पोरांकडून घोकून घेतो. पण उजेडानं उठवलं की नियमच उलटा, आणि तेच कडं सुखानं नांदायला लागतं. इतकी वर्षं शिकवतेय, तरी हे फळ्यावर लिहिताना अंगावर काटा येतो.

घरी सांगितलं. आमचे विजयसिंह म्हणाले, "मग हातात घालायला मिळंल का?" या माणसाला काही सांगायची सोय नाही.

१२ जानेवारी, सोमवार

पुण्याच्या संस्थेला सोनमच्या भाषणाचा गोषवारा पाठवला. २४ तारखेला बोलायचंय. ते ऐकूनच पीएचडीची जागा कुणाला द्यायची ते ठरणार, आणि जागा एकच. ही पोरगी वालचंदनगरच्या पलीकडून रोज एसटीनं बारामतीला येते, घरी डाळिंबाची बाग बघते, आणि वर हे असलं काम करते. तिला नाही मिळाली तर कुणाला मिळायची?

संध्याकाळी तिच्या वडिलांचा, कुंडलिकरावांचा फोन. "मॅडम, पोरीचं व्हईल न्हवं?" म्हणलं, होणार. "आन् ते कडं खरंच फिरतंय?" फिरतंय म्हणलं. "मग बरं हाय."

१५ जानेवारी, गुरुवार

सोनम सकाळपासून तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासत होती. शेवटी बोलली. "बाराही तुकड्यांत करंट अगदी सारखा आलाय, मॅडम. पार दशांशापर्यंत. असं कुठं असतं का?"

मी चिडले. अगं, कडं गोल आहे, सारखाच येणार!

तर म्हणते, "आमचं रान कालव्याच्या टेलला, पार शेवटी. पाणी सुटलं म्हणून निरोप आला तरी आबा मोटार चालू करत नाहीत. आधी टेलला जाऊन बघून येतात." आता याचा रसायनशास्त्राशी काय संबंध? – असं मनात आलं खरं. पण जेवताना ताट बाजूला सारून तिचे आकडे पुन्हा काढले. काय झालंय ते मला कळलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

लिहूनच टाकते. आमच्याकडं दमदार मशीन एकच, आणि लाइटचा भरवसा नाही. म्हणून इथं सगळे एक युक्ती करतात – कडं सगळीकडून सारखं आहे अशी अट प्रोग्रॅमला घालायची. मग तो एक तुकडा मोजतो आणि बाकी अकरा ठिकाणी तेच उत्तर चिकटवतो. काम झटपट. सोनमला ती अट घालायला मीच सांगितलं होतं.

साध्या अवस्थेत चालून जातं. पण उजेड पडल्यावर कड्याला एका बाजूला वाकायचं असेल तर? आम्ही त्याला वाकूच दिलं नाही. मग करंट सगळीकडं सारखा येणार नाही तर काय होणार!

तिनं अट काढून मशीन पुन्हा लावलंय. इन्व्हर्टर तिनं घरून आणलाय, एसटीतून, मांडीवर घेऊन.

२२ जानेवारी, गुरुवार

उत्तर आलं. सगळी ऊर्जा चार तुकड्यांवर गोळा होऊन बसते. बाकीचे आठ झोपलेलेच. फेरी पूर्ण होत नाही. करंट नाही, अरोमॅटिकपणा नाही.

परवा भाषण आहे. मी तिला म्हणलं, "ते होऊन जाऊ दे. मग बघू काय ते." माझ्या तोंडून हे गेलं खरं. तिनं नजर खाली घातली. "बघते, मॅडम" म्हणाली आणि बस गाठायला निघून गेली. मला तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाही.

२४ जानेवारी, शनिवार. पुणे

मी तिसऱ्या रांगेत. सोनमनं पहिलं चित्र दाखवलं – बारा तुकडे, गोल फिरणारे बाण, देखणं. म्हणाली, "गोषवाऱ्यात आम्ही हे पाठवलं. हे चूक आहे."

माझे कान तापले.

मग तिनं एकेक करून सांगितलं, न अडखळता. पुढं बसलेल्या एका सरांनी विचारलं, ही अट घालायची कल्पना कुणाची? "आमची दोघींची," म्हणाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग उरलं काय, असं दुसऱ्यानं विचारलं. तर हिच्याकडं सहा तुकड्यांचं छोटं कडं तयार! तेही अटीशिवाय चालवलेलं, आणि ते मात्र पूर्ण फिरतं. "म्हणजे नियम खरा आहे, सर. पण कडं वाढत गेलं की कुठंतरी तो थकतो. कुठं, ते शोधायचंय."

एवढं धाडस मला तिच्या वयात नव्हतं. आजही नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी बारामती येईपर्यंत तिच्याकडं बघत बसले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

स्टोअररूममध्ये जाऊन रडून घेतलं. बाहेर आले तर सोनम मशीनपाशी. "मॅडम, आता आठाचं कडं लावू का?"

लाव, म्हणलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पुढं बसलेल्या त्या सरांचा फोन. हेच बाराचं कडं त्यांनी खरोखरीचं बनवलंय आणि दोन वर्षं त्यावर लेझर मारतायत. सिग्नल दर वेळी चारच तुकडे जागे असल्यासारखा येतो. कडं पूर्ण फिरणारच, असं धरून चालल्यामुळं ते नमुना खराब म्हणून टाकून देत होते! सोनमचं ऐकून परत गेले, ताजा नमुना केला, मोजला. चारच. तिच्यासाठी वेगळी जागा काढलीय, पुढच्या महिन्यापासून ये म्हणतात.

कुंडलिकरावांना मीच फोन लावला. पोरीची निवड झाली म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी कडं फिरलं तर."

म्हणलं, "नाही फिरलं, कुंडलिकराव. म्हणून तर घेतली."